किल्ल्याचा दरवाजा कोणी उघडायचा? टेबलटॉप आरपीजीत जादू आणि कौशल्याचा तोल

१९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलटॉप आरपीजी, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत टेबलाभोवती खेळायचा गोष्टीचा खेळ, पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्यात खेळायला तीनच प्रकारची पात्रं होती: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा पुजारी). कुलपं उघडणारा चोर त्यात नव्हता. कुलूप उघडणारा ‘नॉक’ हा स्पेल (मंत्र) मात्र जादूगाराच्या यादीत पहिल्यापासून होता. चोर आला १९७५च्या पुरवणीत. ज्या कामासाठी हे पात्र घडवलं, ते काम त्याच्या जन्माआधीच दुसऱ्याच्या खिशात होतं. पन्नास वर्षं उलटली तरी टेबलावर तोच प्रसंग घडतो. चोर खेळणारी मुलगी फासा उचलते आणि पलीकडून विझर्ड (जादूगार) म्हणतो, “थांब, माझ्याकडे स्पेल आहे.” मुलगी फासा खाली ठेवते. असं चार वेळा झालं की ती मोबाइल बघत बसते, आणि पुढच्या रविवारी येत नाही.

हा लेख गेम मास्टरसाठी, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणाऱ्यासाठी आहे. आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांप्रमाणे दिले आहेत, कारण आपल्याकडे अनेक टेबलांवर तेच चालतात. उदाहरणं आपल्या किनाऱ्यावरची आहेत. कोकणातल्या गटांना ती उसनी आणावी लागत नाहीत. बेटावरचा किल्ला, खाडीचं मुख, भरतीची वेळ हे सगळं खिडकीतून दिसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, पावसामुळे कोणी कुठे जात नाही. नवं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) सुरू करायला वर्षात याहून चांगले दोन महिने नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. जादू खात्रीची असते, पण अरुंद असते: एक दार, एक माणूस, एक तास. कौशल्य चुकू शकतं, पण रुंद असतं: ते पुन्हा पुन्हा वापरता येतं, इतरांना बरोबर नेतं, परिस्थितीप्रमाणे वळतं. आपण गेम मास्टर लोक अडथळे अरुंद ठेवतो आणि मग जादू जड झाली म्हणतो. स्पेलची ताकद छाटण्याआधी अडथळे रुंद करा. त्यासाठीच्या पायऱ्या पुढे आहेत.

आधी नोंद ठेवा

नियमांना हात लावण्याआधी दोन सेशन (खेळाच्या बैठका) नुसती नोंद करा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: अडथळा काय होता, तो कोणी सोडवला, आणि त्याची किंमत काय मोजली. किंमत म्हणजे गेलेला स्लॉट (एक स्पेल टाकण्याची संधी, जी विश्रांतीनंतरच परत मिळते), गेलेला वेळ, झालेला आवाज, मागे राहिलेला पुरावा, दुखावलेला माणूस. लढाया यात धरू नका. तोल बिघडतो तो लढाईबाहेर.

पान भरल्यावर तिसरा रकाना आधी वाचा. माझ्या पाहण्यात बहुतेक टेबलांवर जादूच्या ओळींपुढे तो रकाना रिकामा असतो. विझर्डने काही चोरलेलं नसतं, गेम मास्टरने बिल मागितलेलं नसतं. आणि दुसऱ्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते पात्र जादूगार आहे की नाही याकडेही बघा. कधी कधी सगळं खाऊन टाकणारा चोरच असतो, आणि मग हा लेख उलट्या बाजूने वाचावा लागतो.

फाशाचं गणित एकदा नीट करून बघा

पाचव्या लेव्हलचा चोर घ्या. डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) अधिक ४, प्रावीण्याचे अधिक ३, एकूण ७ फाशाच्या आकड्यात मिळवायचे. कुलपाचा डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५: नियमांच्या भाषेत मध्यम. वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवेत: यशाची शक्यता ६५ टक्के. कुलपांत एक्सपर्टीज (प्रावीण्य दुप्पट मोजण्याची सवलत) घेतलं असेल तर बेरीज १०, आणि शक्यता ८० टक्के. नॉकची शक्यता १०० टक्के. एका कुलपापुरता हा फरक फार वाटत नाही.

खरी गडबड पुढे आहे. तुम्ही एकाच कामासाठी तीन वेळा फासा टाकायला लावता: दारापर्यंत चोरपावलांनी जा, कुलूप उघड, दार आवाज न करता ढकल. प्रत्येक ठिकाणी ६५ टक्के धरले तर तिन्ही जमण्याची शक्यता साधारण २७ टक्के उरते. ‘मध्यम’ म्हणून ठरवलेलं काम तुम्हीच नकळत जवळपास अशक्य करून ठेवलं. विझर्डने मध्ये पडून स्पेल टाकला तर त्याचं चुकलं काय? तो गणित बरोबर करतोय.

म्हणून एका हेतूला एकच फासा. किल्ल्यात गुपचूप शिरायचं असेल तर ‘गुपचूप शिरणं’ यासाठी एकदाच टाका, आणि तो निकाल परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत टिकू द्या. दर वळणावर नवा फासा मागणं म्हणजे अपयश येईपर्यंत विचारत राहणं. तिघांनी मिळून लपत जायचं असेल तर गटाचा नियम वापरा, निम्म्यांना जमलं तर सगळ्यांना जमलं. प्रत्येकाचे ६५ टक्के असतील तर तिघांपैकी किमान दोघांना जमण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के येते. प्रत्येकाला स्वतंत्र जमलंच पाहिजे म्हटलंत, तर पुन्हा तेच २७. नियम एकच, पण कसा विचारला यावर कौशल्याचं मोल ठरतं.

स्पेलची लिहिलेली किंमत वसूल करा

बहुतेक स्पेलांत किंमत लिहिलेली असते आणि घाईत आपण ती वाचत नाही. नॉकचंच बघा: पाचव्या आवृत्तीत या स्पेलने दार उघडतं तेव्हा ३०० फुटांपर्यंत ऐकू जाईल असा ठोका वाजतो. जुन्या आवृत्त्यांत हा आवाज नव्हता. तो मुद्दाम घातला असावा, चोराची जागा राखण्यासाठी. तो ठोका वाजवा. पहारेकऱ्यांना जागं करा. चोराचं शांत कुलूप आणि विझर्डचं खात्रीचं कुलूप ही दोन वेगळी कामं आहेत, हे टेबलाला एका प्रसंगात कळतं.

माणसाला भुरळ घालणारा चार्म पर्सन संपला की समोरच्याला कळतं, आपल्यावर जादू झाली होती. बंदरावरच्या जकातदारावर आज तो टाकला तर उद्या त्याच बंदरात काय होईल? कोकणातल्या गावात बातमी होडीच्या आधी पोहोचते, तुमच्या खेळातल्या गावातही पोहोचू द्या. गोड बोलून, ओळख काढून, त्याच्या मुलाच्या आजारपणाची चौकशी करून जो आत गेला त्याला उद्याही तो जकातदार चहा पाजेल. झोन ऑफ ट्रुथमध्ये माणूस खोटं बोलू शकत नाही, पण गप्प बसू शकतो, टाळू शकतो, आणि स्पेल चालू आहे हे त्याला ठाऊक असतं. काय विचारायचं आणि कसं, हे अजून कौशल्याच्याच हातात राहतं. कॉम्प्रिहेंड लँग्वेजेसने शब्दांचा सरळ अर्थ कळतो. सांकेतिक लिपी सुटत नाही, आणि समोरच्याच्या भाषेत उत्तर देता येत नाही. इन्व्हिजिबल माणूस दिसत नाही, पण ओल्या वाळूत पाऊल उमटतंच. दुसऱ्याच्या फाशाला हातभार लावणारा गायडन्स फुकटचा असला तरी तो मोठ्याने उच्चारून, हातवारे करून टाकावा लागतो. सरदारासमोर बोलणी चालू असताना कोणी हातवारे करत पुटपुटायला लागलं तर सरदार काय समजेल?

आता आपल्या किनाऱ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट. स्पायडर क्लाइंब (भिंत चढणं), फ्लाय (उडणं), इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य होणं), पास विदाउट ट्रेस (माग न लागू देता जाणं) हे सगळे एकाग्रतेचे स्पेल आहेत: टाकणाऱ्याचं लक्ष मोडलं की ते संपतात. एका वेळी एकच धरता येतो. वादळात हेलकावणाऱ्या जहाजावर अंगावर लाट आदळली तर एकाग्रता टिकवायला डीसी १०चा कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फासा गेम मास्टर मागू शकतो, हे उदाहरण खेळाडूंच्या पुस्तकातच दिलेलं आहे. कॉन्स्टिट्यूशनचे अधिक २ असणारा विझर्ड ६५ टक्के वेळा टिकेल. तटाच्या भिंतीवर स्पायडर क्लाइंबने अर्ध्यावर पोहोचलेल्या माणसासाठी उरलेले ३५ टक्के म्हणजे खालचे खडक. समुद्राकाठी खेळणाऱ्या गटाने हा नियम वापरला नाही तर तो कोणी वापरायचा?

अडथळे रुंद करा

जंजिऱ्याची एक हकीकत सांगतात. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळ्याने आपल्या माणसांसह रात्री होड्यांतून जाऊन तटाला शिड्या लावल्या. ठरलेली फौज वेळेत पोहोचली नाही, आणि उजाडायच्या आत शिड्या काढून त्यांना परतावं लागलं. मला गेम मास्टर म्हणून ही हकीकत फार आवडते. यात पहिला माणूस वर कसा चढला हा प्रश्नच नाही. फौज वर कशी न्यायची हा प्रश्न आहे. तुमच्या विझर्डने स्पायडर क्लाइंब टाकला तर एक जण वर जाईल. त्यानंतरही शिडी लागतेच, आणि ती अंधारात, लाटेवर हलणाऱ्या होडीतून, आवाज न करता लावणारा माणूसही लागतो.

अडथळा लिहिताना स्वतःला विचारा: हा एका माणसाने, एका क्षणात ओलांडला तर संपतो का? ‘हो’ असेल तर तो अरुंद आहे. मग त्यात माणसं वाढवा, माल वाढवा, किंवा मुदत वाढवा. खजिन्याची पेटी उघडायची असेल तर पेट्या चाळीस करा, त्यांतल्या नेमक्या दोन हव्या आहेत. हस्तक पकडायचा असेल तर त्याच्यावर पाच रात्री पाळत ठेवायला लावा.

सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झालं. भोवती खारं पाणी असताना त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. अशा किल्ल्याला वेढा पडला आणि विहीर बाटली, तर? क्लेरिक म्हणेल, माझ्याकडे पाणी निर्माण करण्याचा स्पेल आहे. आहेच. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला दहा गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर. माणशी तीन-चार लिटर धरलं तर दहाबारा जणांची सोय झाली. किल्ल्यावर दोनशे माणसं आहेत. क्लेरिकचं पाणी कोणाला द्यायचं, लहान मुलांना की तोफांवरच्या गोलंदाजांना, हे ठरवताना भांडण होणार, आणि ते मिटवायला वजनदार बोलणारा माणूस लागणार. तोवर दगडाची, मुरुमाची जाण असलेल्याने नवा झरा शोधायचा. क्लेरिकचा स्पेल वाया गेला का? त्याने एक दिवस विकत आणून दिला. जादूचं इतकं सुंदर काम मला दुसरं माहीत नाही.

स्लॉट पुन्हा कधी भरतात ते तुमच्या हातात ठेवा

पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे २ असे ९ स्लॉट असतात. तुमच्या कथेतल्या दिवसात दोनच अडथळे असतील तर तो प्रत्येकावर चार स्लॉट उधळू शकतो. मग कुठलंच गणित पुरत नाही. आठ तासांच्या लाँग रेस्टने सगळे परत येतात, आणि प्रवासाच्या कथेत रोज रात्र होतेच.

गेम मास्टरच्या मार्गदर्शकात लाँग रेस्ट सात दिवसांची करण्याचा पर्याय दिलेला आहे. मला तो सरसकट जड वाटतो. समुद्री कॅम्पेनसाठी साधा नियम पुरतो: बंदरात किंवा शांत खाडीत नांगर टाकल्याशिवाय लाँग रेस्ट नाही. होडीवर झोप मिळते, शॉर्ट रेस्ट मिळते, स्लॉट मिळत नाहीत. चार दिवसांचा प्रवास स्पेलांच्या हिशेबात एकच दिवस होतो. हा नियम कॅम्पेनच्या आधी सांगा, मध्येच लादू नका.

कौशल्याला मोठं होऊ द्या

इथे बहुतेक गेम मास्टर कंजूष असतात. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने माणूस उडतो हे आपण हसत मान्य करतो, पण आयुष्य समुद्रावर घालवलेल्या पात्राला वाऱ्याची दिशा सांगायलाही फासा टाकायला लावतो.

ज्याचं जे क्षेत्र आहे तिथली माहिती त्याला न मागता द्या. तांडेल (होडीचा प्रमुख) असलेल्या पात्राला भरतीची वेळ ठाऊक असते. आपल्याकडे अनेकांना तो हिशेब येतो: तिथीच्या पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि सहा तासांनी नऊला ओहोटी. हा हिशेब तुम्ही स्वतः करा आणि त्या खेळाडूच्या हातात चिठ्ठीवर द्या. तो टेबलाला सांगेल, “नऊ वाजता खडक उघडे पडतील.” कुठल्याही स्वस्त स्पेलने हे मिळत नाही. ती चिठ्ठी वाचताना त्याचा आवाज कसा बदलतो ते ऐका.

अपयशाचा अर्थही बदला. चोराचा फासा पडला नाही म्हणजे ‘कुलूप उघडत नाही’ असं म्हटलंत की सगळे विझर्डकडे वळतात. त्याऐवजी कुलूप उघडू द्या, पण काहीतरी बिघडू द्या: वेळ गेला, तार आत तुटून राहिली आणि उद्या सकाळी कोणाच्या तरी लक्षात येईल, शेजारच्या कोठडीतला कैदी जागा झाला आणि त्यालाही सुटायचंय. कथा पुढे सरकते आणि चोर चोरच राहतो.

मोठ्या बेरजेला मोठं फळ हवं. डीसी २५ नियमांत ‘अतिशय कठीण’ आहे. कोणी तो गाठला तर नुसतं ‘जमलं’ म्हणू नका. कुलूप उघडलंच, शिवाय ते कोणत्या लोहाराच्या हातचं आहे हे कळलं. आता त्या लोहाराची सगळी कुलपं त्या पात्राला सोपी.

एक आख्खी रात्र मांडून बघू

पाचव्या लेव्हलचे चौघे: विझर्ड, ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी), चोर आणि पूर्वी तांडेल असलेला लढवय्या. किनाऱ्यासमोरच्या बेटावरच्या किल्ल्यातून बारा खलाशी सोडवून आणायचे आहेत. ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं, एरवी होडी लागते आणि होडी बुरुजावरून दिसते. रात्र वद्य चतुर्थीची.

ही तिथी मुद्दाम निवडली. ओहोटी नऊला, आणि संकष्टीचा चंद्रही नऊच्या सुमारासच उगवतो. म्हणजे अंधारात निघायचं तर नऊच्या आधी, मांडीभर पाण्यातून. कोरड्या खडकांवरून जायचं तर चंद्राच्या उजेडात. टेबलाला हे ठरवू द्या. माझा अनुभव असा की अशा प्रश्नावर लोक वीस मिनिटं मनापासून भांडतात, आणि त्यात एकही फासा पडलेला नसतो.

आता कागदावर बारा खणांचं एक वर्तुळ काढा. भरती सहा तासांत चढते, पण सारख्या वेगाने नाही: पहिल्या तासात साधारण बाराव्या हिश्शाने, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, शेवटच्यात एक. तेवढे खण दर तासाला भरा. सहा खण भरले, म्हणजे मध्यरात्र झाली, की खडकांची वाट बंद. खेळाडूंना वर्तुळ दिसू द्या.

दरवाजा. सिंधुदुर्गाचं महाद्वार समुद्रावरून बघणाऱ्याला सहज सापडत नाही, तटाच्या वळणात लपलेलं आहे. आपल्या किल्ल्यालाही तसंच दार द्या. ते शोधणं हे डोळ्यांचं आणि किल्ले माहीत असणाऱ्या माणसाचं काम. सापडल्यावर चोराला डीसी १५, एक्सपर्टीज असल्याने ८० टक्के. चुकलं तर दार उघडेल, पण अर्धा तास जाईल. विझर्ड नॉक टाकतो म्हणाला, तर ३०० फुटांचा ठोका. मग चोर खेळणारी म्हणते, “मोठी लाट फुटेल त्याच क्षणी टाक, मी हात वर करते.” लाटांचा ताल ओळखण्यासाठी तिला एक फासा द्या, जमला तर ठोका लाटेत बुडाला. अशी जोडी टेबलावर एकदा जमली की दोघं पुढे आपणहून एकमेकांकडे बघायला लागतात.

लपणं. ड्रुइडकडे पास विदाउट ट्रेस आहे, सगळ्यांना अधिक १०. हा स्पेल मात्र अरुंद नाही, आणि त्याच्यापुढे लपण्याच्या कौशल्याला फार जागा उरत नाही. पण तो एक तास टिकतो, दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट खातो आणि एकाग्रता मागतो. ड्रुइडकडे असे तीनच स्लॉट आहेत. तीन तास लपायचं तर तिन्ही जातील.

परतीची वाट. सोळा माणसं, त्यांत बारा उपाशी आणि अनवाणी, पायाखाली शेवाळ आणि कालवांच्या धारा. ड्रुइड म्हणते, पाण्यावरून चालू देणारा वॉटर वॉक विधी म्हणून करते, स्लॉट जाणार नाही. बरोबर. पण तो दहा जणांना पुरतो. सोळांसाठी दोनदा करावा लागेल, प्रत्येक वेळी दहा मिनिटांहून जास्त. आणि एवढा वेळ चालणारं मंत्रोच्चारण स्वतःच एकाग्रता घेतं, म्हणजे पास विदाउट ट्रेस सुटला. पाण्यावर सोळा सावल्या, वर चंद्र. लपायचं की चालायचं? तांडेल म्हणतो, “दोर द्या, मी पुढे होतो.” त्याला एकच फासा, डीसी १५, बाराही खलाशांसाठी मिळून. प्रत्येकाचा वेगळा टाकायला लावू नका. चुकला तर कोणी मरत नाही. वर्तुळात एक खण वाढतो आणि शेवटचे चार जण पाणी वाढणाऱ्या खडकावर अडकतात. विझर्डकडे फ्लायचा एक स्लॉट उरलेला आहे. तो एका वेळी एकाला उडवेल, दहा मिनिटं. कोण उडणार, आणि दोराचं टोक घेऊन कुठल्या खडकावर उतरणार, हे पुन्हा तांडेलालाच विचारावं लागेल.

या रात्रीत मी एकही स्पेल बंद केला नाही, एकाचाही नियम बदलला नाही.

आपल्या मातीतली जादू वापरणार असाल तर

कोकणातल्या कथांमध्ये जादू फुकट मिळत नाही, आणि खेळासाठी हे फार सोयीचं आहे. नवस बोललात तर फेडावा लागतो. खेळात असा नियम करा: क्लेरिकला स्लॉट संपल्यावरही एक स्पेल मागता येईल, पण त्याबदल्यात काय देणार ते तिथेच मोठ्याने बोलायचं आणि तुम्ही ते कार्डावर लिहायचं. फेडेपर्यंत एक स्लॉट परत भरणार नाही. गाऱ्हाण्यात एक जण बोलतो आणि बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ज्या स्पेलला रुंद करायचंय, चाराऐवजी चाळीस जणांना लावायचंय, त्यासाठी टेबलावरच्या प्रत्येक पात्राने आपलं काहीतरी घालून होकार द्यायचा अशी अट ठेवा. एकट्या क्लेरिकची जादू मग सगळ्यांची होते. कौलाचं उत्तर देवाच्या मर्जीचं: मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर हो किंवा नाही एवढंच.

चकव्याची तर मला विशेष माया आहे, कारण ही जादू कौशल्याला बोलावते. रात्री माणूस त्याच त्या जागी फिरून येत राहतो. जादू मोडणारा डिस्पेल मॅजिक इथे चालू देऊ नका. पण रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो हे ज्याला ठाऊक आहे तो चेहऱ्यावर वारा घेत चालला तर किनाऱ्यापासून आत जाईल. हे त्या खेळाडूला सुचलं तर फासा न टाकता चकवा सोडा.

एक काळजी मात्र घ्या. खऱ्या गावाच्या देवाचं, राखणदाराचं नाव खेळात आणू नका. टेबलावरच्या एखाद्याच्या घरी तो देव रोज पुजला जातो. स्वतःचं बेट रचा, त्याला स्वतःचा राखणदार द्या.

चालू कॅम्पेनमध्ये बदल करायचा तर

विझर्ड खेळणाऱ्याला आधी एकट्याला भेटा आणि नोंदीचं पान दाखवा. त्याच्यावर आरोप करू नका. त्याने नियमांतच खेळ केला आहे. काय बदलणार ते सांगा: ठोका वाजेल, चार्म झालेला माणूस लक्षात ठेवेल, होडीवर लाँग रेस्ट मिळणार नाही. याआधी त्याने निवडलेले स्पेल जुन्या समजुतीवर निवडलेले होते, म्हणून एकदा ते बदलून घेण्याची मुभा द्या. चोर खेळणाऱ्यालाही स्किलची निवड एकदा बदलू द्या. रुंद अडथळ्यांत उपयोगी पडणारी कौशल्यं बहुधा कोणी घेतलेलीच नसतात.

विझर्डचा खेळाडू नाराज झाला तर त्याला एक गोष्ट वाढवून द्या: जादूबद्दलचं ज्ञान. कुठल्या दारावर कसला मंत्र आहे, तो कोणत्या घराण्याच्या पद्धतीचा, किती जुना, हे त्याला फासा न टाकता सांगत जा. स्लॉट न घालवताही तो टेबलावर महत्त्वाचा राहतो. तीन सेशन झाली की वहीचं नवं पान काढा, तेच तीन रकाने भरा, आणि तिसरा रकाना अजून रिकामा दिसला तर पुढचा अडथळा लिहिण्याआधी त्या स्पेलचा मजकूर पुन्हा एकदा शब्दशः वाचा.